धाकटा भाऊ जहाल गटात गेलाय, त्याला बाहेर कसं काढायचं?

एका ताईंचा प्रश्न आहे. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, गेल्या वर्षभरात एका जहाल गटात पुरता गुंतलाय. जुने मित्र तोडले, घरात बोलणं जवळपास बंद, परवा वडिलांना तोंडावर ‘गद्दार’ म्हणाला. ताईंनी त्याच्याशी तासन्‌तास वाद घातले, आकडेवारी काढून दाखवली, व्हिडिओ पाठवले. दर वेळी तो आणखी लांब गेला. पुढच्या महिन्यात गटाचं शिबिर आहे, त्यासाठी त्यानं ताईंकडेच पैसे मागितलेत. फोन काढून घ्यावा का, पोलिसांत जावं का, कुणा जाणत्या माणसाकडे न्यावं का, आणि मुळात यातून पोरं बाहेर पडतात का, असं त्यांनी विचारलंय.

मी समुपदेशक आहे. असे गट सोडू पाहणारे तरुण आणि त्यांच्या घरची माणसं, दोघांबरोबर माझं काम चालतं. त्या कामातून जे कळलं तेवढंच सांगते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. हो, बाहेर पडतात. बाहेरून असा गट अभेद्य दिसतो, पण आतून माणसं सतत गळत असतात. कधी पडेल, हे मात्र मला सांगता येणार नाही. म्हणून प्रश्न जरा फिरवून घेऊ. तुम्ही विचारताय, ‘त्याला कसं काढू?’ घरच्यांनी दंड धरून ओढून आणलेलं पोर बहुतेक वेळा संधी मिळताच परत जातं. घरच्यांच्या हातात खरोखर दोनच कामं असतात. तो आत आहे तोवर, ज्यातून माघारी फिरता येत नाही असं काही त्याच्या हातून घडू नये यावर लक्ष ठेवणं. आणि ज्या दिवशी त्याचं मन तिथून उडेल, त्या दिवशी त्याला बोलायला कुणीतरी शिल्लक असणं. दुसरं काम सोपं वाटतं, पण वादावादीत सगळ्यात आधी तेच हातचं जातं.

गट कोणत्या विचारांचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. धर्माचा असो, वंशाचा, राष्ट्राचा की क्रांतीचा. घोषणा वेगळ्या असतात, आत शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या वाटा मात्र थक्क व्हावं इतक्या सारख्या. फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टींनी. गट नुसता ऑनलाइन आहे की रोज भेटणारा? भावाच्या हातून आधीच काही गुन्हा घडलाय का? सोडून जाणाऱ्यांना मारहाण, धमक्या होतात का? गटावर बंदी आहे का, आणि नुसतं सदस्य असणंही तुमच्या देशाच्या कायद्यात गुन्हा ठरतो का? यांची उत्तरं जशी असतील तसा पुढचा सल्ला बदलेल. मी पुढे लिहितेय ते हे गृहीत धरून, की तो रोज त्या लोकांत वावरतो, डोकं तापलेलं आहे, पण अजून कुणाला इजा केलेली नाही.

तो आत गेला कसा, हे नीट बघायला हवं, कारण बाहेरची वाटही तिथूनच निघते. घरच्यांना वाटतं, कुणीतरी त्याच्या डोक्यात विचार भरले आणि मग तो त्या लोकांत गेला. बहुतेकांच्या बाबतीत क्रम उलटा असतो: आधी माणसं, मग विचार. मार्क सेजमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी २००४ साली १७२ जिहादी दहशतवाद्यांची चरित्रं तपासून मांडली, त्यातल्या बहुसंख्यांना आत नेलं होतं ते आधीपासूनच्या मैत्रीनं किंवा नात्यानं. आरी क्रुग्लान्स्की हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. आपण कुणीतरी आहोत असं वाटण्याची भूक, ती हिंसेच्या मार्गानं भागेल असं सांगणारी कहाणी, आणि त्या कहाणीला माना डोलावणारी माणसं. घरचे सगळा जोर मधल्या गोष्टीवर लावतात. कहाणी खोटी कशी, हे सिद्ध करत बसतात. भूक आणि माणसं जागच्या जागी राहतात.

म्हणून पहिल्या काही भेटींत मी विचारसरणीचा विषयच काढत नाही. कोरा कागद पुढे ठेवते, सात दिवसांचे चौकोन आखते आणि म्हणते, मागचा आठवडा भरून दे. किती वाजता उठलास, पहिला मेसेज कुणाचा वाचलास, दुपारी कुठे होतास, रात्री कुणाशी बोलत झोपलास. एका मुलानं संध्याकाळी सातपासून रात्री दीडपर्यंतचे सगळे चौकोन निळ्या पेननं तिरक्या रेघा मारून भरले, सातही दिवस. पोस्टर लावणं, मग बैठक, मग ग्रुपवर चर्चा, मग दोघातिघांशी कॉल. सकाळ-दुपारचे चौकोन कोरेच. कॉलेज सुटलेलं, काम मिळत नव्हतं. मी विचारलं, ‘या रेघा नव्हत्या तेव्हा इथे काय होतं?’ बराच वेळ पेनचं टोपण काढघाल करत बसला आणि म्हणाला, ‘काही नाही. पडून असायचो.’ त्या गटानं त्याला शत्रू दिला हे खरंच, पण त्याआधी कामं दिली होती. ‘उद्या सातला ये, तुझ्यावाचून अडेल’ असं त्याला कित्येक महिन्यांत दुसरं कुणी म्हणालं नव्हतं.

तुमच्या भावाचा असाच कागद मनातल्या मनात भरून बघा. वर्षभरापूर्वीचा आणि आजचा. मधे काय सुटलं? परीक्षा, नोकरी, प्रेमप्रकरण, खेळ, एखादा अपमान? याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर सापडेल.

वादाबद्दल. वादानं तो लांब गेला, यात नवल काही नाही. असे गट नवख्यांकडून घरच्या वादाची तयारीच करून घेतात: ‘तुझे आईवडील असं म्हणतील, बहीण तसं म्हणेल.’ मग तुम्ही नेमकं तेच म्हणता आणि त्यांचं भाकीत खरं ठरतं. तुमच्या आकड्याला त्याच्याकडे उत्तर नसलं तर तो रात्री ग्रुपवर विचारतो. तिथे दहा जण मदतीला धावतात, त्याचं कौतुक होतं, आणि सकाळी तो कालच्यापेक्षा पक्का होऊन उठतो. वडिलांना ‘गद्दार’ म्हणणं हेही बहुधा त्यातलंच. घरच्यांशी फटकून वागून दाखवलं की आत भाव वाढतो.

याचा अर्थ गप्प बसा असा नाही. आपलं मत एकदा, शांतपणे, स्पष्ट सांगून टाका. ‘हे विचार मला पटत नाहीत, आणि कुणाला इजा करणं तर मुळीच चालणार नाही. रोज रोज हे मी ऐकवणार नाही, पण माझं मत बदललेलं नाही.’ बस. नंतर त्यानं उकरून काढलं तरी, ‘माझं मत तुला माहीत आहे’ एवढंच. वडिलांनाही हे समजावून सांगा. त्यांना जास्त जड जाईल.

आता मुख्य गोष्ट, लोक बाहेर का पडतात. नॉर्वेचे अभ्यासक तोरे ब्यर्गो यांनी याची दोन गटांत मांडणी केली: आतून ढकलणारी कारणं आणि बाहेरून ओढणारी. ओढणारी म्हणजे नोकरी, प्रेम, मूल, साधं आयुष्य जगावंसं वाटणं. ढकलणारी म्हणजे आतलीच निराशा. २०१७ साली मेरी बेथ ऑल्टियर आणि जॉन हॉर्गन यांच्यासह काही संशोधकांनी दहशतवादी गटांत राहिलेल्या माणसांची ८७ आत्मकथनं तपासली. ढकलणारी कारणंच जास्त वेळा निर्णायक ठरलेली दिसली: डावपेच पटेनासे होणं, नेत्यांचा आणि सहकाऱ्यांचा उबग येणं, रोजच्या त्या जगण्याचा वीट येणं. विचार बदलले म्हणून निघालो, हे सांगणारे होते, पण तो बहुसंख्यांचा मार्ग नव्हता.

माझ्याकडे येणाऱ्यांची कारणं तर ऐकायला अगदी किरकोळ वाटतात. त्यागाची भाषणं देणारा नेता वर्गणीतून स्वतःसाठी महागडा फोन घेतो. सगळे भाऊ भाऊ म्हणतात, पण खुर्च्या लावायला नेहमी तेच तिघे. एका मुलीचं सांगते. अपघातात पाय मोडून ती दीड महिना घरी पडून होती. एकमेकांसाठी जीव देण्याच्या शपथा घेतलेल्या त्या गटातून तिला दोन मेसेज आले. पहिल्यात, बरी आहेस ना. दुसऱ्यात, तुझ्याकडचा स्पीकर कुणाकडे देऊ शकशील. भेटायला आली ती शाळेतली मैत्रीण, जिला हिनं वर्षभरापूर्वी ‘त्यांच्यातली’ म्हणून ब्लॉक केलं होतं. आली, पलंगाशी बसली, गटाचा विषयसुद्धा काढला नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. मुलगी स्वतःच सांगते की तिचे विचार तेव्हा तसूभरही बदलले नव्हते. पण आपली माणसं कोण, याचा तिचा हिशोब त्या पलंगावर चुकायला लागला. विचार सुटायला पुढे दोनेक वर्षं गेली.

तुम्हाला त्या मैत्रिणीसारखं वागायचंय. ती जिंकायला आलेली नव्हती.

समाजशास्त्रज्ञ हेलेन रोज एबॉ स्वतः एकेकाळी ख्रिस्ती जोगीण (नन) होत्या आणि मठ सोडून बाहेर आल्या होत्या. आयुष्य व्यापून टाकणारी एखादी भूमिका माणूस कशी सोडतो, याचे टप्पे त्यांनी १९८८ साली मांडले. आधी शंका येते, मग पर्यायांची चाचपणी होते, मग एखादी घटना निर्णायक ठरते आणि शेवटी ‘मी पूर्वी तिथे होतो’ अशी नवी ओळख घडवावी लागते. दुसऱ्या टप्प्याकडे लक्ष द्या. शंका आली म्हणून कोणी लगेच उठून निघत नाही. आधी आजूबाजूला बघतो, जायला जागा आहे का. सगळे पूल जाळलेले दिसले की शंका गिळतो, आणि गिळलेली शंका झाकायला पुष्कळदा आणखी मोठ्यानं घोषणा देतो. म्हणून त्याचा आवाज वाढला म्हणजे तो आणखी आत गेला, असं दर वेळी समजू नका.

तर आतापर्यंतचा सारांश असा, की तो माणसांसाठी आणि मानासाठी आत गेला असण्याची शक्यता मोठी, बाहेर पडेल तोही बहुधा त्या माणसांनीच निराश केल्यावर, आणि ती निराशा तुम्हाला बाहेरून तयार करता येत नाही. ती आली की ओळखता मात्र येते.

ओळखायची कशी? विचारांबद्दल विचारू नका, माणसांबद्दल विचारा. ‘शिबिरात जेवण कोण बनवतं?’ ‘तुझं जमतं कुणाशी जास्त?’ ‘तो मागे सारखा फोन करायचा तो हल्ली दिसत नाही, कुठे गेला?’ या शेवटच्या प्रश्नात बरंच काही असतं. सोडून गेलेल्याबद्दल गटात काय बोललं जातं हे सांगता सांगता, उद्या आपल्याबद्दल काय बोलतील हे त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. प्रश्न चौकशीच्या सुरात नको. भांडी आवरताना, गाडीत शेजारी बसून, असा जाता जाता. डोळ्याला डोळा भिडवून बसवलंत की मुलाखत होते आणि तो सावध होतो.

आणि कधीतरी तो गटाबद्दल वाकडं बोलेल. ‘आमचा तो अमका फार शहाणपणा करतो.’ अशा वेळी घरच्यांच्या तोंडून हमखास निघतं, ‘बघ, मी म्हणतच होते!’ हे एक वाक्य गिळा. ते ऐकलं की तो लगेच त्या अमक्याची बाजू घेतो, कारण आता प्रश्न त्याच्या अब्रूचा झालेला असतो. ‘मग तू काय केलंस?’ एवढं विचारा आणि थांबा. तो थांबेल तिथे तुम्हीही थांबा. वाक्य पूर्ण करायची घाई करू नका.

त्याच्यावाचून अडेल असं काहीतरी घरातही असू द्या. खोटं खोटं नको, पोरांना कळतं. खरोखर त्याला येतं आणि तुम्हाला येत नाही असं काम. त्याचा जुना प्रशिक्षक, शिक्षक, मामा, ज्याच्याबद्दल त्याला आधीपासून आदर आहे असं कुणी असेल तर त्यांना कामाला लावा, पण उपदेश करायला नव्हे. त्याला कशासाठी तरी बोलवायला.

शिबिराचे पैसे देऊ नका. ‘आत्ता नाहीत’ अशी सबब सांगू नका, खरं कारण सांगा: या कामासाठी माझा पैसा जाणार नाही, फी, औषधपाणी, जेवण आणि कुठूनही घरी यायचं तिकीट, यासाठी कधीही माग. तो कदाचित तरीही जाईल. शिबिरात जवळीक वाढते हे खरं, पण त्याच शिबिरात नेते दिवसरात्र जवळून दिसतात. परत आला की आरोपपत्र घेऊन बसू नका, कसं झालं ते विचारा. मात्र तिथे शस्त्रं किंवा मारहाणीचं प्रशिक्षण आहे असा संशय असेल तर हा सल्ला बाजूला ठेवा आणि पोलिसांबद्दल पुढे लिहिलंय ते बघा.

फोन काढून घेणं १९ व्या वर्षी निरुपयोगी आहे. दुसरा फोन येतो, आणि ‘घर म्हणजे तुरुंग’ ही गटाची शिकवण तुम्हीच खरी करून देता. चोरून मेसेज वाचण्याचंही तेच. सापडलात की उरलासुरला विश्वास संपला. तो १३-१४ वर्षांचा असता तर फोनवर मर्यादा घालणं हे पालकांचं कामच होतं, तेही त्याला सांगूनसवरून.

जाणत्या माणसाकडे, धर्मगुरूकडे किंवा विचारवंताकडे न्यायचं की नाही? आत्ता नको. तो स्वतः शंका विचारायला लागला की अशा माणसाचा फार उपयोग होतो, विशेषतः ज्याचा शब्द त्या परंपरेत मानला जातो अशा माणसाचा. त्याआधी नेलंत तर तोही एक वादच, फक्त मोठ्या माणसाशी. मानसोपचारतज्ज्ञांबद्दल पुष्कळ जण विचारतात. जहाल होणं हा आजार नाही. पण झोप उडालेली असेल, नैराश्य असेल, जुना काही आघात असेल, तर त्यावर उपचार जरूर करा. तो त्याचा हक्क आहे, त्याला गटाशी जोडू नका.

पोलिसांचा प्रश्न सगळ्यात अवघड. पॉल गिल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एकट्यानं हल्ला करणाऱ्या किंवा तसा कट आखणाऱ्या ११९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ६४ टक्के प्रकरणांत घरच्यांना किंवा मित्रांना त्या इराद्याची कल्पना होती, कारण त्या माणसानं स्वतःच ते बोलून दाखवलं होतं. म्हणून घरात कानावर पडणाऱ्या गोष्टींना वजन असतं. रागाची भाषा आणि इरादा यांतला फरक ओळखायला शिका. ‘त्यांना धडा शिकवला पाहिजे’ हा राग आहे. इराद्याच्या खुणा वेगळ्या असतात. ठरावीक जागा, ठरावीक माणूस, ठरावीक तारीख तोंडी येणं. शस्त्र किंवा त्याचं सामान जमवणं. आवडत्या वस्तू वाटून टाकणं, उसनवारी फेडून टाकणं, निरोपासारखं बोलणं. भांडखोर पोर एकाएकी विलक्षण शांत होणं. यातलं एकच काही दिसलं तर तो पुरावा होत नाही. इरादा, जागा आणि साधन हे एकत्र दिसायला लागलं, तर मात्र नातं टिकवण्याचा माझा सगळा सल्ला गुंडाळून ठेवा आणि त्याच दिवशी कळवा. तो तुमच्यावर चिडेल, कदाचित कायमचा. तरी कळवा. समोरच्या कुणाचा जीव वाचेल, आणि त्याचं आयुष्यही.

एवढी वेळ आली नसेल तर आधी वकिलाशी किंवा अशा कुटुंबांसाठी हेल्पलाइन असेल तर तिथे नाव न सांगता बोला. कळवल्यावर नेमकं काय होतं हे प्रत्येक देशात वेगळं आहे: कुठे समुपदेशनाकडे पाठवतात, कुठे थेट गुन्हा नोंदवतात. हे माहीत असल्याशिवाय घाबरून पाऊल टाकू नका आणि घाबरून थांबूही नका. त्याच्या एखाद्या जुन्या मित्रालाही विचारा. घरच्यांच्या आधी मित्रांना कळलेलं असतं. मैत्री तुटेल म्हणून ते गप्प असतात.

बाहेर पडायला मदत करणारे कार्यक्रम आहेत, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखंही बरंच आहे. नॉर्वेत १९९७ मध्ये ‘एक्झिट’ सुरू झालं, त्यात आईवडिलांचे गट हा मोठा आधार होता. स्वीडनमध्ये पुढच्याच वर्षी केंट लिंडाल यांनी ते सुरू केलं. ते स्वतः पूर्वी नवनाझी चळवळीत होते. जर्मनीत २००० साली बर्न्ड वाग्नर हे माजी पोलीस अधिकारी आणि इंगो हासेलबाख हे माजी नवनाझी नेते यांनी एकत्र येऊन तिथली ‘एक्झिट’ संस्था उभी केली. याच जर्मन संस्थेनं २०११ मध्ये गेरा शहरातल्या एका अतिउजव्या संगीत मेळ्यात २५० टी-शर्ट फुकट वाटवले. वरचं चित्र त्या मंडळींना आवडेल असंच होतं. घरी जाऊन धुतलं की ते उडून जायचं आणि खाली मजकूर उमटायचा: टी-शर्टला जे जमलं ते तुलाही जमेल, आम्ही मदत करतो. मला यातली गंमत आवडते, पण त्याहून वेळ आवडते. मजकूर त्याला गर्दीत मिळाला नाही. घरी, एकटा असताना मिळाला.

डेन्मार्कमधल्या आर्हुस शहरात पोलीस, नगरपालिका, शाळा आणि समाजसेवक एकत्र बसून काम करतात. तरुणाला एक मार्गदर्शक मिळतो, पालकांचा वेगळा गट असतो, सहभाग ऐच्छिक असतो. २०१३ पर्यंत त्या शहरातून तीसेक जण सीरियाला लढायला गेले होते; २०१४ मध्ये एकच गेल्याचं नोंदलं गेलं. ही घट फक्त त्या कार्यक्रमामुळे झाली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण दिशा योग्य होती असं माझं मत आहे. याउलट फ्रान्सनं २०१६ मध्ये पाँतूर्नी इथल्या एका वाड्यात २५ जणांसाठी निवासी केंद्र उघडलं. गणवेश, शिस्त, राष्ट्रगीत, सगळं. आले एकूण नऊ, शेवटपर्यंत कोणी टिकलं नाही, वर्षाच्या आत केंद्र बंद पडलं. ज्या आयुष्यात परत जायचं तिथून उचलून लांब वाड्यात ठेवलं की सुटल्यावर पुढे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

तुमच्या जवळपास अशी मदत मिळाली तर त्यांना तीन गोष्टी विचारा. सहभाग ऐच्छिक आहे का? आम्ही बोललेलं तुम्ही कुणाला कळवता, आणि कधी? तो बाहेर पडल्यानंतर किती काळ सोबत राहता? ‘पंधरा दिवसांत माणूस बदलून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. चांगल्या कार्यक्रमांचीही हमी नसते. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये लंडन ब्रिजजवळ दोघांचा जीव घेणारा माणूस कैद्यांच्या शिक्षणाच्याच एका कार्यक्रमाला पाहुणा म्हणून आला होता आणि त्याआधी त्यानं सुधारणेचे कार्यक्रम घेतलेले होते. बदलल्यासारखं बोलायला शिकणं अवघड नसतं. म्हणून मी बोलण्यापेक्षा तो कागद पुन्हा भरून घेते: आठवड्यातले तास आता कुणाबरोबर जातात?

बाहेर पडल्यानंतरचा काळ घरच्यांना वाटतो तितका आनंदाचा नसतो. संध्याकाळी सातपासूनचे ते सगळे चौकोन एका दिवसात रिकामे होतात. फोन वाजायचा थांबतो. जुने मित्र अजून लांबच, घरी अवघडलेपण. पहिले तीन-चार महिने धोक्याचे, कारण परतीचं दार तिकडूनच उघडं दिसतं. त्यात धमक्या, गटात घेतलेलं कर्ज, चालू असलेला खटला, अंगावरचा टॅटू, इंटरनेटवर नावानिशी राहिलेली पोस्ट. ही कामं कंटाळवाणी असतात, पण मदत नेमकी तिथेच लागते. टॅटू झाकणारा कलाकार शोधणं, नोकरीच्या मुलाखतीत मधल्या वर्षाबद्दल काय सांगायचं ते बसून ठरवणं.

गट सोडला म्हणजे विचारही गेले, असं धरून चालू नका. पीट सिमी, कॅथलीन ब्ली आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ८९ माजी वर्णवर्चस्ववाद्यांच्या मुलाखतींवरून दाखवलं की सोडून बरीच वर्षं झाली तरी जुने विचार, शरीराच्या जुन्या प्रतिक्रिया नकळत उसळतात, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटते. जेवताना एखादा जुना शब्द निसटला तर घर डोक्यावर घेऊ नका. हात उचलला तर वेगळं. मी आधी वागणं बघते, विचारांना वेळ देते.

वडिलांची माफी त्यानं मागावी, असं घरात सगळ्यांना वाटेल. मागेलही. पण ती घरी परतण्याची अट करू नका. अट घातलीत तर तो दारातूनच मागे फिरेल, किंवा तोंडदेखली माफी मागेल, जिचा वडिलांना उपयोग नाही.

अजून एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. बाहेर आलेल्या पोराला लोक लगेच व्यासपीठावर बोलावतात. तुझी गोष्ट सांग, इतर मुलं वाचतील. त्यालाही बरं वाटतं. पुन्हा एकदा तो कुणीतरी झालेला असतो, टाळ्या मिळतात, आणि स्वतःचं आयुष्य उभं करायचं काम मागे पडतं. काही जण पुढे फार चांगलं काम करतात, मदत करणाऱ्या संस्थांत अशी माणसं लागतातच. पण मी निदान वर्षभर थांबायला सांगते. आधी शिक्षण किंवा नोकरी, थोडे साधे मित्र, नियमित झोप. त्यानंतर बोलायचं की नाही ते त्यानं ठरवावं, आणि तो ‘नको’ म्हणाला तर घरातल्या कुणीही आग्रह धरू नये.